पार्टी बांधण्यापूर्वी अलाइनमेंट: जुन्या रोल-प्लेइंग गेममधील सहा जणांची जुळणी

जुन्या रोल-प्लेइंग गेममध्ये आपण एकट्या नायकाला चालवत नाही, तर बहुधा चार ते सहा पात्रांची पार्टी सांभाळत असतो, आणि ही पार्टी पहिल्या तासाभरात जशी बांधली जाते, तिचे बरेवाईट परिणाम पुढे कित्येक आठवडे भोगावे लागतात. नवा खेळाडू आधी नाव ठरवतो, मग आवडता क्लास, म्हणजे पात्राचा पेशा, निवडतो आणि अलाइनमेंटचा, म्हणजे पात्र नीतीच्या कोणत्या बाजूचे याचा, प्रश्न आला की सुचेल ते उत्तर देऊन पुढे सरकतो. हा क्रम उलटा करावा, असे माझे ठाम मत आहे. कोण कोणाच्या शेजारी उभा राहू शकतो, पार्टीला उपचार करणारा मिळणार की नाही, पुढे कोणते मोठे क्लास खुले होतील, हे सारे त्या एका उत्तरावर अवलंबून असते.

लिहिताना माझ्यासमोर लातूर, परभणी, अंबाजोगाई, हिंगोली अशा ठिकाणचे वाचक आहेत, ज्यांच्या घरी एखादा सेकंडहँड लॅपटॉप आहे आणि नवे, जड गेम त्यावर चालत नाहीत. येथे सांगितलेल्या जुन्या गेमना महागडे ग्राफिक्स कार्ड लागत नाही. त्यांना लागते ती वही, पेन आणि बसून विचार करण्याची तयारी.

अलाइनमेंट कोठून आली

१९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांच्या डन्जन्स अँड ड्रॅगन्स या टेबलाभोवती बसून खेळायच्या खेळात लॉ (नियम), न्यूट्रॅलिटी (तटस्थता) आणि केऑस (बेबंदपणा) अशा तीनच बाजू होत्या. १९७८ च्या अ‍ॅडव्हान्स्ड आवृत्तीच्या प्लेअर्स हँडबुकमध्ये त्याला गुड आणि इव्हिल यांचा दुसरा अक्ष जोडलेला होता आणि नऊ चौकटींचा तो प्रसिद्ध तक्ता पूर्ण झाला. कॉम्प्युटरवर आलेल्या गेमनी यातून आपापल्या सोयीने उचलले. अँड्र्यू ग्रीनबर्ग आणि रॉबर्ट वुडहेड यांच्या १९८१ च्या विझार्ड्रीने फक्त गुड, न्यूट्रल आणि इव्हिल ठेवले, तर १९९८ च्या बाल्डर्स गेटने नऊच्या नऊ घेतल्या.

पहिली पायरी: गेम अलाइनमेंटचे काय करतो ते पाहा

एका गेममधील सवय दुसऱ्या गेममध्ये नेली की घोटाळा होतो, म्हणून पात्र बनवण्याआधी मॅन्युअलमधील अलाइनमेंटचे पान वाचावे. विझार्ड्रीत अलाइनमेंट हा प्रवेशाचा नियम आहे: कोणता क्लास मिळेल आणि कोणाची संगत मिळेल, हे ती ठरवते. बाल्डर्स गेटमध्ये ती सोबत्यांचा स्वभाव ठरवते, त्यामुळे तुमची कीर्ती त्यांना रुचेनाशी झाली की ते कुरकुर करतात आणि शेवटी निघून जातात. १९८५ च्या अल्टिमा ४ मध्ये पात्रावर कोणतीही पाटी नाही, तुमच्या वागण्याचीच नोंद होत जाते. १९८८ च्या पूल ऑफ रेडियन्समध्ये मात्र अलाइनमेंटचा खेळावर फारसा परिणाम जाणवत नाही, तेथे ती मनाप्रमाणे ठेवली तरी चालते. पुढच्या बहुतेक पायऱ्या मी विझार्ड्रीच्या आधाराने सांगणार आहे, कारण तिचे नियम कडक आणि उघड आहेत. २०२४ साली डिजिटल इक्लिप्सने तिची नवी, सुबक आवृत्ती काढल्यामुळे ती आजच्या मशीनवरही खेळता येते. जुन्या लॅपटॉपवर ही नवी आवृत्ती घेण्याआधी तिच्या गरजा मात्र तपासून घ्याव्यात.

दुसरी पायरी: बाजू ठरवा

विझार्ड्रीत गावातल्या गिल्गमेशच्या टॅव्हर्नमध्ये पार्टी जमवताना गुड आणि इव्हिल पात्रे एकत्र घेता येत नाहीत. न्यूट्रल पात्र कोणाबरोबरही चालते. हे वाचून बहुतेकांना वाटते, मग सगळीच पात्रे न्यूट्रल करावीत, म्हणजे कटकट नको. विचार सरळ आहे, पण तो पुढे नडतो, कारण न्यूट्रल पात्राला प्रीस्ट होता येत नाही. बिशपही होता येत नाही. म्हणजे पूर्ण न्यूट्रल पार्टीत जखमा भरणारा कोणी उरत नाही आणि भुयाराच्या पहिल्या मजल्यावरच तिचे हाल होतात. प्रीस्ट हवा असेल तर किमान एका पात्राला बाजू घ्यावीच लागते, आणि त्याने घेतलेली बाजू आपोआप सगळ्या पार्टीची बाजू होते.

आता कोणती बाजू? येथे शेवटचा पल्ला आधी पाहावा. मूळ गेममध्ये फायटर आणि मेज (जादूगार) कोणत्याही अलाइनमेंटचे होऊ शकतात. थीफ न्यूट्रल किंवा इव्हिलच असतो, गुड नसतो. सामुराई गुड किंवा न्यूट्रल असतो. लॉर्ड फक्त गुड आणि निन्जा फक्त इव्हिल. म्हणून गुड पार्टीत थीफ न्यूट्रल ठेवावा लागतो, आणि इव्हिल पार्टीला सामुराई हवा असेल तर तोही न्यूट्रलच घ्यावा लागतो. लढता लढता उपचारही करणारा लॉर्ड हवा असेल तर गुड बाजू घ्यावी, एका घावात शत्रूचे डोके उडवणारा निन्जा हवा असेल तर इव्हिल. पहिल्यांदा खेळणाऱ्याने गुड बाजू घ्यावी, असे मी सांगेन. निन्जासाठी मूळ आवृत्तीत ताकद, बुद्धी असे सहाही गुण १७ लागतात, आणि तेवढा पल्ला गाठण्याआधी बहुतेक नव्या खेळाडूंचा धीर संपतो.

बाजू एकदा घेतली म्हणजे ती कायमची राहतेच असे नाही. भुयारात कधीकधी राक्षसांचा गट मैत्रीने समोर येतो आणि त्याला जाऊ द्यायचे की लढायचे, असे गेम विचारतो. गुड पात्रांनी अशा गटावर हल्ला केला तर त्यांच्यापैकी एखादे इव्हिल होण्याची शक्यता असते, आणि इव्हिल पात्रांनी त्याला सोडून दिले तर उलटे घडू शकते. लढाईच्या ओघात बटण दाबत गेलेल्या खेळाडूच्या हे लक्षात येत नाही. ते उघड होते गावात परतल्यावर, पार्टी नव्याने जमवताना, जेव्हा इतके दिवस सोबत असलेला प्रीस्ट पार्टीत येईनासा होतो. म्हणून हा प्रश्न पडद्यावर आला की हात थांबवावा आणि उत्तर वाचून द्यावे.

तिसरी पायरी: आधी कामे, मग पात्रे

सहा जागांवर सहा आवडती पात्रे बसवण्याऐवजी सहा कामे लिहून काढावीत. शत्रूचा मार अंगावर घेणे, जखमा भरणे, घोळक्याला एकदम थोपवणे, पेटीवरील सापळा ओळखून उघडणे, सापडलेली वस्तू ओळखणे आणि वाट लक्षात ठेवणे. शेवटचे काम खेळाडूचे स्वतःचे आहे, त्याविषयी पुढे सांगेन. गुड बाजूच्या पहिल्या पार्टीसाठी माझी शिफारस अशी: दोन गुड फायटर, एक न्यूट्रल फायटर, एक गुड प्रीस्ट, एक न्यूट्रल थीफ आणि एक न्यूट्रल मेज. ही पार्टी दिसायला साधी आहे, पण वस्तू ओळखणे सोडले तर तिच्यात एकही काम उघडे पडत नाही. तीन पात्रे न्यूट्रल ठेवण्यामागेही कारण आहे: उद्या इव्हिल पार्टी बांधावीशी वाटली तर हे तिघे जसेच्या तसे तिच्यात जाऊ शकतात, त्यांनी कमावलेली पातळी वाया जात नाही.

वस्तू ओळखण्याचे काम बिशप करतो. तो नसेल तर बोल्टॅकच्या दुकानात प्रत्येक वस्तूसाठी पैसे मोजावे लागतात आणि सुरुवातीला ते भारी पडतात. त्यावर जुन्या खेळाडूंचा तोडगा असा की एक गुड बिशप तयार करून तो गावातच ठेवायचा. मोहिमेवरून परतल्यावर एका सोबत्याला बाहेर काढून त्याला पार्टीत घ्यायचे, वस्तू ओळखून घ्यायच्या आणि पुन्हा टॅव्हर्नमध्ये बसवायचे. तो कधी भुयाराचे तोंड पाहत नाही, तरी पार्टीचा खर्च वाचवतो. पण त्यालाही पार्टीत यावे लागते, म्हणून त्याचीही बाजू पार्टीशी जुळलेली हवी. इव्हिल पार्टीसाठी गुड बिशप बनवून ठेवला तर तो टॅव्हर्नमध्येच बसून राहील.

चौथी पायरी: गुणांची वाटणी

प्रत्येक वंशाचे मूळ गुण वेगळे असतात आणि त्यावर वाटण्यासाठी काही जादा गुण मिळतात. हे जादा गुण बहुतेक वेळा दहाच्या आत येतात, क्वचित वीसच्या आसपास. मूळ गेममधील चार वंशांचा साधा हिशेब येथे ठेवतो. ड्वार्फची ताकद १०, फायटरला हवी ११. एल्फची बुद्धी १०, मेजला हवी ११. नोमची श्रद्धा १०, प्रीस्टला हवी ११. हॉबिटची चपळता १०, थीफला हवी ११. म्हणजे वंश नीट निवडला तर क्लासची अट एका गुणात भागते आणि उरलेले सगळे गुण जिथे खरी गरज आहे तिथे टाकता येतात.

अंबाजोगाईच्या माझ्या भाच्याने मध्यंतरी ही पार्टी बांधायला घेतली. नोम निवडल्यावर त्याला जादा गुण सात आले आणि त्याने लगेच फोन केला. “मामा, सात आलेत, बिशप होतोय, करू का?” हिशेब त्याचा बरोबर होता. बिशपला बुद्धी १२ आणि श्रद्धा १२ लागते. नोमची बुद्धी ७, म्हणजे तेथे पाच गुण गेले, आणि श्रद्धा १० वरून १२ करायला दोन. सातही संपले. मी त्याला विचारले, “पार्टीत प्रीस्ट झाला का?” झाला नव्हता. मग मी सांगितले, “आधी याला प्रीस्ट कर, सातही श्रद्धेत टाक. बिशप नंतर दुसरा कर, तो गावात बसू दे.” श्रद्धा १७ झालेला प्रीस्ट वरच्या पातळीवर नवे मंत्र चटकन शिकतो. याउलट बिशप दोन्ही प्रकारची विद्या शिकतो खरा, पण प्रीस्टपेक्षा फार सावकाश, आणि पहिल्या मजल्यावर पार्टीला आजच्या जखमा आज भरणारा हवा असतो.

मेजच्या बाबतीत हाच न्याय: उरलेले गुण बुद्धीत. फायटरच्या बाबतीत मात्र मत विभागलेले आहे. सात गुण असलेल्या ड्वार्फला ताकद ११ करून उरलेले सहा जीवनशक्तीत टाकता येतात, म्हणजे ती १६ होते आणि दर पातळीला मार सोसण्यासाठी थोडे जादा जीवनगुण मिळू लागतात. तेच सहा गुण ताकदीत घातले तर घाव जास्त लागतात. मी पुढच्या रांगेतल्या पहिल्या दोघांना जीवनशक्ती देतो, कारण मेलेला फायटर कितीही ताकदवान असला तरी पार्टीला त्याचे ओझेच होते.

सामुराईचा मोह येथेच आवरावा. ताकद १५, बुद्धी ११, श्रद्धा १०, जीवनशक्ती १४ आणि चपळता १० या अटी पूर्ण करायला ड्वार्फ, एल्फ किंवा नोमलासुद्धा अठरा जादा गुण लागतात. ते येईपर्यंत पात्रे बनवत आणि पुसत बसणारे खेळाडू मला माहीत आहेत, पण ती वेळ पहिल्या मजल्यावर घालवली असती तर फायटर तिसऱ्या पातळीला पोहोचला असता. क्लास पुढेही बदलता येतो. बदलताना पातळी पुन्हा एकवर येते, गुण वंशाच्या मूळ आकड्यांवर घसरतात आणि वय वाढते, पण शिकलेले मंत्र राहतात. म्हणून बदल करायचाच तर मंत्र पुरेसे शिकून झाल्यावर करावा.

पाचवी पायरी: रांग

पैठणहून निघणाऱ्या नाथांच्या पालखीत पताकावाले, टाळकरी, मृदंगी, वीणेकरी यांच्या जागा जशा ठरलेल्या असतात, तशी या पार्टीचीही रांग ठरलेली असावी लागते. मूळ विझार्ड्रीत पहिले तिघेच हत्याराने वार करू शकतात आणि शत्रूचे हत्यारही त्या तिघांपर्यंतच पोहोचते. मागच्या तिघांना फक्त मंत्र आणि वस्तू वापरता येतात. त्यामुळे तीन फायटर पुढे, मग प्रीस्ट, थीफ आणि मेज, ही रांग सुरुवातीला सर्वांत सुरक्षित आहे. पुढचा एखादा मेला किंवा त्याला लकवा झाला की तो मागे जातो आणि मागचा पुढे येतो, तेव्हा रिकामी जागा कोण घेणार याचा विचार आधीच करून ठेवावा. प्रीस्ट चिलखत घालू शकतो, म्हणून त्याला चौथे ठेवले आहे. मेज पुढे आला की त्याचे काही खरे नसते.

रांग ठरली की मगच खाली उतरावे, आणि पहिल्या काही फेऱ्या जिन्याजवळच कराव्यात. मेजकडे सुरुवातीला आग फेकणारा हॅलिटो आणि झोप आणणारा कॅटिनो असे दोन मंत्र असतात. हॅलिटो आकर्षक वाटतो, पण पार्टी वाचवतो तो कॅटिनो, कारण झोपलेला घोळका उलटा वार करत नाही. पहिल्या पातळीच्या मेजला फक्त दोन मंत्र टाकता येतात, ते संपले की वर यावे आणि इनमध्ये मुक्काम करावा.

वाट लक्षात ठेवण्याचे काम येथे सुरू होते. भुयाराला दहा मजले आहेत आणि प्रत्येक मजला २० बाय २० चौकोनांचा आहे. शाळेच्या सामानाच्या कोणत्याही दुकानात मिळणारी आलेखवही यासाठी उत्तम, एका पानावर एक मजला मावतो. भिंत, दार, जिना आणि पार्टीचे तोंड फिरवून दिशा चुकवणारा चौकोन यांच्या खुणा आधीच ठरवून घ्याव्यात.

मूळ आवृत्ती खेळत असाल तर आपल्या भागातील विजेचाही विचार करावा लागतो. खेळ मध्येच बंद पडला तर पार्टी भुयारात अडकलेली दाखवली जाते आणि टॅव्हर्नमध्ये तिची पात्रे निवडता येत नाहीत. घाबरून ती पुसून टाकू नयेत. युटिलिटीजच्या मेनूमध्ये बाहेर राहिलेली पार्टी पुन्हा सुरू करण्याचा पर्याय असतो, तो वापरावा. तरीही उन्हाळ्यात भारनियमनाच्या वेळा माहीत असतील तर त्या सुमारास खोल मजल्यावर न उतरणे बरे.

बाल्डर्स गेटमध्ये: स्वभाव आणि कीर्ती

येथे पार्टी सहा जणांचीच आहे, पण नायक सोडून बाकीचे पाच वाटेत भेटतात आणि त्यांची अलाइनमेंट आधीच ठरलेली असते. म्हणून निवड नायकापासून सुरू करावी. पॅलाडिन हवा असेल तर तो लॉफुल गुडच, रेंजर गुडच, ड्रूइड ट्रू न्यूट्रलच. नायकाच्या अलाइनमेंटवर सुरुवातीची कीर्ती ठरते. ही कीर्ती १ ते २० च्या दरम्यान फिरते. देवळात दान दिले, लोकांची कामे केली की ती वाढते, निरपराधाला मारले की घसरते. कीर्ती वाढली की दुकानातील भाव उतरतात, म्हणून सगळेच ती वाढवत नेतात, आणि विसाच्या जवळ पोहोचल्यावर इव्हिल सोबती पार्टी सोडायला लागतात. इव्हिल पार्टी सांभाळायची असेल तर कीर्ती मध्यावर, दहाच्या थोडी वर राखावी. तेवढ्यात गुड सोबतीही फार नाराज होत नाहीत.

यातील पेच समजून घ्यायला नॅशकेल हे गाव पुरेसे आहे. तेथे न्यूट्रल गुड रेंजर मिन्स्क भेटतो आणि आपल्या सोबतीण डायनाहेरला नोल राक्षसांच्या किल्ल्यातून सोडवून आणा अशी विनंती करतो. त्याच गावात लॉफुल इव्हिल एडविनही भेटतो आणि त्याच डायनाहेरला ठार करा म्हणतो. दोघांनाही वाट त्याच किल्ल्याकडे घेऊन जाते. एडविन हा फार ताकदीचा मंत्रवेत्ता आहे आणि नव्या खेळाडूला वाटते, दोघांनाही घ्यावे, पुढचे पुढे पाहू. पण हे भांडण तलवारीवर जाते. गुड पार्टी असेल तर मिन्स्क आणि डायनाहेर घ्यावेत, आणि मिन्स्कची विनंती फार लांबवू नये, त्याचा संयम सुटतो. इव्हिल पार्टी असेल तर एडविन, व्हिकोनिया, केगेन आणि शार-टील यांच्याभोवती ती बांधावी.

काही सोबती जोडीनेच येतात आणि एकाला काढले की दुसराही जातो: खलिद आणि जहीरा, झार आणि मॉन्टॅरॉन, मिन्स्क आणि डायनाहेर. झार आणि मॉन्टॅरॉन सुरुवातीच्याच वाटेवर भेटतात, खलिद आणि जहीरा पुढे फ्रेंडली आर्म इनमध्ये. या दोन जोड्या फार काळ एकत्र ठेवू नयेत. सुरुवातीला चौघांना घेऊन वाटचाल सोपी होते, पण दुसऱ्या आठवड्यापर्यंत कोणती जोडी ठेवायची ते ठरलेले असावे. थीफचे काम कोण करतो आहे, एवढे पाहून दुसरीला निरोप द्यावा. मॉन्टॅरॉन गेला तर गुड पार्टीसाठी थीफ इमोएन आहेच.

अल्टिमा ४: वागण्याची नोंद

येथे सुरुवातीलाच काही नैतिक पेच विचारले जातात आणि उत्तरांवरून आठांपैकी एक क्लास मिळतो. कोणताही क्लास आला तरी चालते, उत्तरे मनापासून द्यावीत. उरलेल्या सात क्लासचे सात सोबती वेगवेगळ्या गावांत भेटतात, आणि तुमची पातळी वाढेल तसे ते एकेक करून घेता येतात. आंधळ्या औषधविक्रेत्याला पैसे कमी दिले तर प्रामाणिकपणाची नोंद घसरते, दुष्ट शत्रूपुढून पळाले तर शौर्याची. आपण कोठे उभे आहोत ते राजा लॉर्ड ब्रिटिशच्या किल्ल्यातील हॉकविंड हा द्रष्टा सांगतो, त्याला वरचेवर भेटावे.

राखीव पार्टी

विझार्ड्रीत सहाही पात्रे भुयारात मेली तर त्यांचे देह तेथेच पडून राहतात आणि त्यांना आणायला दुसरी पार्टी पाठवावी लागते. ही पार्टी मुख्य पार्टी चौथ्या मजल्यावर जाण्याआधी तयार असावी. तिच्यात चारच पात्रे ठेवावीत, म्हणजे एका फेरीत दोन देह वर आणता येतील. आधी प्रीस्ट आणि मेज आणावेत, मग बाकीचे. वर आणल्यावर टेम्पल ऑफ कांटमध्ये पैसे भरून जिवंत करता येते, पण प्रत्येक वेळी यश येतेच असे नाही. अपयशी झाले तर देहाची राख होते, आणि राखेतून उठवण्याचा प्रयत्नही फसला तर पात्र कायमचे जाते. पातळी जेवढी मोठी तेवढी टेम्पलची दक्षिणा जास्त, म्हणून राखीव पार्टीच्या नावे थोडे सोने वेगळे ठेवावे आणि पहिल्या एकदोन पातळ्यांच्या पात्रावर ते खर्च करू नये. त्याच्या जागी नवे पात्र बनवणे स्वस्त पडते, आणि नवे पात्र येताना स्वतःचे थोडे सोने घेऊन येते.